दहा डॉलरचा मालडबा आणि व्हर्निअर कॅलिपर : स्वस्त मॉडेल बॉक्सकारची पारख

न्यू जर्सीतील एका ट्रेन शोमध्ये जुन्या मालाच्या टेबलावर दोन बॉक्सकार, म्हणजे बंद मालडब्यांची छोटी मॉडेले, शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. एकीवर दहा डॉलरची चिठ्ठी होती, दुसरीवर पंचेचाळीसची. महाग डब्याच्या शिड्या वेगळ्या बसवलेल्या होत्या, धरायच्या दांड्या तारेच्या होत्या आणि तळाशी ब्रेकच्या नळ्याही दिसत होत्या. स्वस्त डब्यावर हे सगळे भिंतीबरोबर एकाच साच्यातून काढलेले होते. तरीही मी दहा डॉलरचा डबा उचलला. महाग डब्यावर ज्या रेल्वेचे नाव आणि जो क्रमांक छापला होता, त्या मालिकेतील खऱ्या डब्यांच्या भिंती रिव्हेट मारून जोडलेल्या होत्या, आणि मॉडेलच्या भिंती मात्र वेल्डिंगच्या, गुळगुळीत होत्या. दहा डॉलरच्या डब्याचा सांगाडा त्याच्या क्रमांकाशी जुळत होता.

बारकावे आणि अचूकता या दोन गोष्टींची गल्लत केली की स्वस्त डब्यांची पारख हमखास चुकते. बारकावे म्हणजे मॉडेलवर किती गोष्टी दाखवल्या आहेत आणि त्या किती नाजूक आहेत, आणि त्यांचे पैसे मोजावे लागतात. अचूकता म्हणजे जे दाखवले आहे ते त्या रेल्वेच्या, त्या क्रमांकाच्या डब्यावर, त्या वर्षी खरोखर तसे होते का. ती साचा आणि छपाई ठरवणाऱ्याच्या अभ्यासावर अवलंबून असते, आणि तो अभ्यास कधी कधी स्वस्त डब्यामागेही असतो. अॅक्युरेलसारख्या कंपनीचे शिड्या भिंतीतच ओतलेले किट, म्हणजे घरी जोडायच्या भागांचा संच, किंवा अॅथर्नच्या निळ्या खोक्यातले जुने किट हाताळताना हा भेद डोक्यात असला, तर थोड्या पैशात चांगली मालगाडी उभी राहते.

येथे उदाहरणासाठी एचओ आकारातील, म्हणजे १:८७.१ प्रमाणातील, ४० फुटी पोलादी बॉक्सकार घेतली आहे, कारण १९५० च्या दशकातील अमेरिकी मालगाडीत हा बंद डबा सर्वत्र दिसे आणि वापरलेल्या मॉडेलांच्या टेबलावरही त्याचाच भरणा असतो. पुण्यात कोथरूडला जोशींचे लघुरेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या आकाराचा अंदाज असेलच. भारतीय ब्रॉडगेजचे १६७६ मिलिमीटर या प्रमाणात १९.२ मिलिमीटर होतात आणि एचओचा रूळ १६.५ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे आपल्याकडची वाघीण या रुळावर ठेवली की पहिली तडजोड चाकांपासूनच सुरू होते. अमेरिकी डब्याला ती अडचण नाही, कारण १४३५ मिलिमीटरचा खरा रूळ ८७ ने भागला की १६.५ च येतात.

साल आणि क्रमांक आधी ठरवावा

डबा हातात घेण्याआधी आपल्या मांडणीचे, म्हणजे घरी उभारलेल्या छोट्या रेल्वेचे, साल ठरलेले असले पाहिजे. ‘पन्नासचे दशक’ एवढे म्हणून भागत नाही. १९५२ आणि १९५९ यांत रंगसंगती बदलते, रेल्वेची बोधचिन्हे बदलतात, डब्यांचे पत्रेही बदलतात. माझे साल १९५७ आहे. सुरुवातीला मी एक सुबक डबा केवळ त्यावर १९४९ ही बांधणीची तारीख छापलेली पाहून घेतला. त्यावरचे बोधचिन्ह एरी-लॅकवानाचे होते, आणि एरी व लॅकवाना या दोन रेल्वे १९६० मध्ये एकत्र आल्या. डबा १९४९ चाच असेल, पण तो रंग त्याच्या अंगावर अकरा वर्षांनंतर चढला. बांधणीची तारीख फक्त ‘याच्या आधी नाही’ एवढेच सांगते, हे त्या डब्याने मला शिकवले.

साल ठरले की क्रमांकाकडे वळावे. अमेरिकेतील रेल्वे कंपन्यांच्या मालडब्यांची क्रमांकवार नोंद ‘ऑफिशियल रेल्वे इक्विपमेंट रजिस्टर’मध्ये छापली जात असे, आणि त्याचे जुने अंक छंदिष्टांच्या वापरात असतात. त्यात प्रत्येक क्रमांकमालिकेपुढे डब्याची आतली लांबी, रुंदी व उंची, बाहेरची उंची आणि दाराची रुंदी दिलेली असते. मॉडेलवरचा क्रमांक त्या यादीत कोणत्या ओळीत पडतो ते पाहावे. तो कोणत्याच ओळीत पडत नसेल, किंवा ती ओळ ५० फुटी डब्यांची असेल, तर पुढची मोजमापे करण्याची गरजच उरत नाही. त्यानंतर त्याच मालिकेतील खऱ्या डब्याचे छायाचित्र शोधावे आणि ते कोणत्या वर्षी काढले आहे हे आवर्जून पाहावे, कारण १९७० मध्ये काढलेल्या छायाचित्रातील डब्याची चाके, छत आणि शिड्या वीस वर्षांत बदललेल्या असू शकतात.

मोजमाप

व्हर्निअर कॅलिपर हे या कामातले सर्वांत उपयोगी हत्यार आहे, आणि साधे प्लास्टिकचे असले तरी चालते. एचओमध्ये खऱ्या डब्याचा एक फूट म्हणजे मॉडेलवर ३.५ मिलिमीटर, हे एकच सूत्र पाठ असावे. डब्याची आतली लांबी ४० फूट ६ इंच असेल तर ती प्रमाणात १४१.७५ मिलिमीटर होते, म्हणून बाहेरून भिंतीची लांबी त्याहून थोडी जास्त भरली पाहिजे.

लांबीत सहसा कोणी फसवत नाही. दारात आणि उंचीत फसगत होते. सहा फुटी दार २१ मिलिमीटर, सात फुटी २४.५ आणि आठ फुटी २८ मिलिमीटर भरते. दाराची रुंदी नोंदीशी जुळली नाही, तर तो दोष कापाकापीशिवाय दुरुस्त होत नाही, कारण दाराची रुंदी बदलली की दोन्ही बाजूंच्या भिंतीही बदलाव्या लागतात. उंची मोजताना डबा रुळाच्या तुकड्यावर ठेवून रुळाच्या माथ्यापासून छतावरच्या, चालण्यासाठीच्या फळीपर्यंत मोजावी. आतून १० फूट ६ इंच उंच असलेला त्या काळातला सर्वसाधारण डबा रुळापासून सुमारे १५ फूट उंच असे, म्हणजे मॉडेलवर ५२.५ मिलिमीटर. स्वस्त डबा बहुधा याहून एक-दोन मिलिमीटर उंच उभा असतो. एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या डब्यावर जवळपास साडेतीन इंच. दहा डब्यांच्या रांगेत असा एक डबा उंटासारखा दिसतो. मात्र ही उंची भिंतीत आहे की चाकांवरच्या बैठकीत, हे वेगळे पाहावे लागते. त्यासाठी भिंतीची उंची स्वतंत्र मोजावी. भिंत बरोबर असेल आणि डबा फक्त वर उचललेला असेल, तर बैठक घासून तो खाली आणता येतो.

सांगाड्याची ओळख

पारखीचा खरा कस येथे लागतो, आणि घाईही बहुतेक जण येथेच करतात. पोलादी बॉक्सकारची ओळख भिंती, टोके आणि छत या तीन ठिकाणी पटते.

भिंतीत आधी जोड पाहावा. पुलमन-स्टँडर्ड कंपनीने १९४७ पासून बांधलेल्या पीएस-१ या प्रसिद्ध डब्यांच्या भिंती वेल्ड केलेल्या होत्या, तर त्याच सुमारास इतर कारखान्यांत बांधलेल्या पुष्कळ डब्यांच्या भिंतींवर रिव्हेटच्या उभ्या ओळी असत. या ओळी पत्रे कोठे जोडले आहेत ते दाखवतात, म्हणून दाराच्या डाव्या आणि उजव्या बाजूचे पत्रे मोजून ती संख्या छायाचित्राशी ताडून पाहावी. एका भिंतीवर एकूण दहा पत्रे आणि बारा पत्रे असे दोन्ही प्रकार प्रचलित होते, आणि दोन फुटांवरूनही हा फरक डोळ्यांत भरतो. रिव्हेटचा आकारही बघण्यासारखा असतो. जुन्या साच्यातले एक मिलिमीटर व्यासाचे रिव्हेट म्हणजे खऱ्या डब्यावर ८७ मिलिमीटरचे डोके. वरणाच्या वाटीएवढे रिव्हेट कोणत्याही कारखान्याने मारले नाही.

टोकाच्या भिंतीवर आडव्या उंचवट्यांच्या घड्या असतात. टोक बहुधा दोन किंवा अधिक आडव्या तुकड्यांचे असते आणि प्रत्येक तुकड्यावरच्या घड्या मोजून छंदिष्ट ‘चार-चार’ किंवा ‘पाच-पाच’ असा उल्लेख करतात. पहिला आकडा वरच्या तुकड्याचा, दुसरा खालच्याचा. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या, ‘ड्रेडनॉट’ नावाच्या टोकांवरच्या घड्या आणि युद्धोत्तर सुधारित ड्रेडनॉट टोकांवरच्या, मध्ये फुगून टोकांशी निमुळत्या होत जाणाऱ्या लाटण्यासारख्या घड्या एकदा पाहिल्या की पुन्हा चुकत नाहीत. पीएस-१ ची टोके पुलमनची स्वतःची होती. मॉडेल विकत घेण्यापूर्वी पडद्यावर पाहायचे असेल, तर विक्रेत्याकडून टोकाचे छायाचित्र मुद्दाम मागून घ्यावे. बहुतेक विक्रेते फक्त बाजू दाखवतात.

छताकडे दुर्लक्ष करणे परवडणारे नाही, कारण मांडणीवरचा डबा आपण बहुतांश वेळ वरूनच पाहतो. ‘मर्फी’ नावाच्या छतावर साधे आयताकृती पत्रे दिसतात. नंतरच्या छतांवर तिरप्या घड्या येतात. पीएस-१ च्या छतावरच्या घड्या मध्ये अरुंद आणि कडांना रुंद, म्हणजे गळ्यातल्या बो-टायसारख्या दिसतात. स्वस्त मालातली ठरलेली तडजोड म्हणजे एकच छत सगळ्या सांगाड्यांवर बसवणे. रिव्हेटच्या भिंतीवर बो-टायचे छत दिसले की ते खऱ्या जगात कोणत्या मालिकेत होते, हा प्रश्न विचारावाच लागतो. छतावरची फळी हा त्या मानाने क्षुल्लक दोष आहे. एक मिलिमीटर जाडीची फळी म्हणजे साडेतीन इंच जाड ओंडका होतो हे खरे, पण ती उचकटून तिच्या जागी बारीक फळी बसवणे अर्ध्या तासाचे काम आहे. युद्धकाळापर्यंत ही फळी लाकडाची असे आणि १९४५ च्या सुमारापासून नव्या डब्यांवर पोलादी जाळीची, एवढे ध्यानात ठेवून बदलावी.

शिड्या आणि दांड्या

साच्यातच ओतलेल्या शिड्यांना नाके मुरडणारे अनेक आहेत. मला त्यांचे म्हणणे पूर्ण पटत नाही. खऱ्या डब्यावरची धरायची दांडी साधारण पाऊण इंच जाडीची असते, म्हणजे प्रमाणात फक्त ०.२२ मिलिमीटर. स्वस्त मॉडेलवर वेगळी बसवलेली प्लास्टिकची दांडी अनेकदा याच्या दुप्पट-तिप्पट जाड असते, आणि ती भिंतीतून उपटलेल्या खुंट्यासारखी दिसते. त्यापेक्षा भिंतीवर नाजूकपणे ओतलेली, कडा धारदार असलेली दांडी, तिच्याखाली पातळ काळपट रंगाची सावली भरली, की हातभर अंतरावरून अधिक खरी वाटते.

म्हणून येथे वेगळी की ओतलेली हे न पाहता जाडी, कडांची धार आणि संख्या पाहावी. डबा विजेरीच्या तिरप्या उजेडात धरला की साच्याचा ताजेपणा कळतो. झिजलेल्या साच्यातून निघालेल्या डब्यावर कडा गोलसर होतात, साच्याच्या दोन भागांमधली जोडरेषा कोपऱ्यावरून धावताना दिसते आणि पायऱ्यांच्या कडेला प्लास्टिकची पातळ पापडी राहते. पापडी आणि जोडरेषा ब्लेडने खरवडून जातात, गोल झालेली कड परत येत नाही. मग शिडीच्या पायऱ्या मोजाव्यात, कारण सात पायऱ्यांची आणि आठ पायऱ्यांची अशा दोन्ही शिड्या वापरात होत्या. दारही पाहावे, यंग्सटाउन कंपनीच्या दारावर पन्हळी पत्रा असतो आणि सुपीरियर कंपनीच्या दारावर आडव्या पट्ट्यांनी विभागलेले सपाट चौक. सुदैवाने दार पुष्कळदा वेगळा सुटा भाग असतो आणि त्याच रुंदीचे दुसरे दार लावता येते.

तळाकडे एक नजर पुरेशी आहे. १९३३ पासून नव्या डब्यांना लावल्या गेलेल्या एबी ब्रेकची हवेची टाकी, सिलिंडर आणि झडप हे तीन भाग वेगवेगळे दिसले तर चांगले. नळ्या नसल्या तरी हरकत नाही, कारण डबा रुळावर उभा असताना तेथे कोणी डोकावत नाही.

चाके आणि कपलर

या भागातील जवळजवळ सगळे दोष थोडक्या पैशात दुरुस्त होतात, त्यामुळे खरेदी करताना त्यांना फारसे वजन देऊ नये. बोगीवर, म्हणजे अमेरिकेत ज्याला ट्रक म्हणतात त्यावर, आसाच्या टोकाला झाकण असलेली चौकोनी तेलपेटी हवी. फिरत्या टोपणाची रोलर बेअरिंग १९५७ च्या सामान्य बॉक्सकारला शोभत नाही, आणि पट्ट्या जोडून केलेली आर्चबार बोगी १९४० च्या सुमारासच इतर रेल्वेंच्या मार्गावरून हद्दपार झाली. चाकाचा व्यास ३३ इंच, म्हणजे मॉडेलवर ९.६ मिलिमीटर हवा. ३६ इंची, साडेदहा मिलिमीटरची चाके शंभर टनी डब्यांसाठी आहेत. चाकाची रुंदी बहुधा २.८ मिलिमीटर असते, बारीक प्रकारात २.२, आणि खऱ्याशी प्रमाणात ती १.६ हवी. समोरून पाहिल्याशिवाय हा फरक कळत नाही. प्लास्टिकची चाके काढून धातूची घालावीत, मात्र आसाची लांबी बोगीशी जुळते का ते आधी पाहावे. जुन्या डब्यावर शिंगासारखा एक्स-टू-एफ कपलर, म्हणजे डबे एकमेकांना जोडणारा आकडा, असेल तर तो काढून केडी कंपनीचा पाच क्रमांकाचा, किंवा डोके प्रमाणाच्या अधिक जवळचे हवे असेल तर ५८ क्रमांकाचा बसवावा. रुळाच्या माथ्यापासून कपलरच्या मध्यापर्यंत सुमारे ९.९ मिलिमीटर अंतर असावे.

वजनही याच वेळी तपासून घ्यावे. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एचओ डब्यासाठी एक औंस अधिक लांबीच्या दर इंचाला अर्धा औंस अशी आहे. ४० फुटी डब्याला ती जवळपास ११० ग्रॅम होते. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा या कामाला चांगला.

अक्षरांची उलटतपासणी

छपाई भिंगाखाली पाहावी. अक्षरांच्या कडा स्वच्छ आहेत का, रिव्हेटच्या डोक्यावर आणि उंचवट्यावर शाई तुटली आहे का, पांढऱ्याखालून तांबडा रंग डोकावतो का, हे लगेच दिसते. रंगाचा थर जाड असेल तर रिव्हेट बुजतात, आणि तो दोष साच्याचा समजून आपण उगीच साच्याला नावे ठेवतो.

अक्षरे सुबक असली तरी त्यांतला मजकूर खरा असतोच असे नाही. डब्याच्या भिंतीवर खाली तीन आकडे असतात: कॅपी म्हणजे क्षमता, एलडी एलएमटी म्हणजे भाराची मर्यादा आणि एलटी डब्ल्यूटी म्हणजे रिकाम्या डब्याचे वजन, सगळे पौंडांत. यांतील शेवटच्या दोन आकड्यांची बेरीज ही रुळावर पडणारा एकूण भार असते आणि ती आसाच्या आकारावर ठरलेली असे. पन्नास टनी डब्याला ती १,६९,००० पौंड होती. १९६० च्या दशकात ती १,७७,००० वर नेली गेली. म्हणजे १९५७ च्या डब्यावर वजन ४६,२०० असेल तर भाराची मर्यादा १,२२,८०० च हवी. काही छपायांत ही बेरीज जुळत नाही, कारण कोणीतरी एका डब्याचे वजन आणि दुसऱ्याची मर्यादा उचललेली असते. टेबलाशी उभे राहून ही बेरीज करायला अर्धे मिनिट लागते, आणि ज्याने ती बरोबर छापली आहे त्याने इतर गोष्टीही पाहिल्या असण्याचा संभव मोठा असतो.

वजनाशेजारी ‘न्यू’ आणि तारीख असेल, तर ते कारखान्यातून निघतानाचे वजन होय. काही वर्षांनी डबा पुन्हा तोलला जाई, आणि मग ‘न्यू’च्या जागी तोलाच्या ठिकाणाचे सांकेतिक अक्षर व नवी तारीख येई. १९४९ चे ‘न्यू’ १९५७ पर्यंत तसेच राहिलेले दिसले की तो डबा मधल्या आठ वर्षांत तोललाच नाही असे म्हणावे लागेल. हा दोष बारीक डेकलने, म्हणजे चिकटवायच्या छापील अक्षरपट्टीने, झाकता येतो.

काळाच्या इतर खुणा ठळक आहेत. ऑक्टोबर १९६६ पासून नव्या बॉक्सकारच्या छतावरची फळी बंद झाली आणि शिड्या आखूड होऊ लागल्या. रंगीत पट्ट्यांची स्वयंचलित ओळखपाटी १९६७ नंतरची. ती सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सोडून देण्यात आली. काळ्या चौकोनातला पांढरा किंवा पिवळा ठिपका १९७८ च्या चाकतपासणीचा आहे. पिवळ्या वा पांढऱ्या परावर्तक पट्ट्या २००५ नंतर आल्या. जुन्या सांगाड्यावर यांपैकी एखादी खूण छापलेली असेल, तर १९५७ च्या मांडणीसाठी तो डबा रंग पुसूनच वापरता येईल.

घ्यावा की ठेवावा

दार, भिंतीची उंची, पत्र्यांची संख्या, टोके आणि छत यांपैकी दोन गोष्टी चुकलेल्या असतील तर डबा टेबलावरच ठेवावा, मग तो फुकट का मिळेना. एक चुकली असेल आणि ती छत किंवा टोक असेल, तर साल आणि रेल्वे बदलून तो दुसऱ्या मालिकेत बसतो का ते पाहावे. पुष्कळदा बसतो, फक्त क्रमांक नव्याने छापावा लागतो. चाके, कपलर, फळी, ब्रेकचे चाक आणि वजन यांचा खर्च किमतीत मिळवून मगच स्वस्त-महाग ठरवावे. दहा डॉलरच्या डब्याला नवी चाके आणि कपलर घातले की तो दहाचा राहत नाही, आणि दोन डब्यांतले अंतर दिसते तेवढे मोठे नसते.

त्या दिवशीच्या माझ्या डब्याची बेरीज १,६९,००० आली होती. दार २१ मिलिमीटर, दहा पत्रे, टोके पाच-पाच. रुळावर ठेवून मोजल्यावर उंची ५३.८ मिलिमीटर भरली, भिंत मात्र बरोबर होती. बोगीची बैठक घासली, ३३ इंची धातूची चाके घातली, फळी बदलली. आता तो ५२.६ वर उभा आहे. शिड्या अजून ओतलेल्याच आहेत.